पोफळीची फळगळ, मिरवेलीची मर, अबोलीत लव्हाळा: भर पावसात काय करता येईल?

आगर_गुहागर · १४ जुलै

जमीन पुळणवट, वर जांभ्या मातीची भर. ४० पोफळी (सुपारीची झाडं), श्रीवर्धनी जात, वय पंधरा-वीस वर्षं. त्यांतल्या २५ पोफळींवर मिरवेली (काळ्या मिरीचे वेल), पन्नियूर-१ जात, पाचवं वर्ष. ओटीसमोर अबोलीचे दोन वाफे, प्रत्येकी १० बाय ४ फूट.

आठवडाभर पोफळीखाली कोवळी फळं पडतायत, रोज पाटीभर. टोपीच्या बाजूला ओलसर, गडद हिरवा डाग दिसतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलं २२ जूनला, पाऊस लागून दोन आठवडे झाल्यावर. १०० लिटरला मोरचूद १ किलो आणि पाकिटातला चुना १ किलो. द्रावण आकाशी न होता हिरवट झालं होतं. नंतर खालच्या मिरवेलींच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या.

सहा मिरवेलींची पानं चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळाली. दोघींची बुंध्याची साल काळी पडलीय, नख लावलं की सुटते. दुकानदाराने कार्बेन्डाझिम दिलं, लिटरला २ ग्रॅम करून मुळाशी ओतलं, काही फरक नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं आगर कुदळीने खणून, बेणून लख्ख केलं होतं. आता तण परत गुडघ्याला लागलंय.

अबोलीतला लव्हाळा खुरपला की दहा दिवसांत दुप्पट उगवतो.

आता या दिवसांत काय वाचवता येईल, आणि कशाचा नाद सोडावा?

---

चुनकळी · १४ जुलै

हिरवट रंगातच उत्तर आहे. पाकिटातला चुना उघडा राहिला, दमट हवेत पडून राहिला की त्याचा खडू होतो. मग तो मोरचुदाची आम्लता मारत नाही. सुटं तांबं द्रावणात उरतं आणि कोवळी पानं जाळतं. कडा करपल्या त्या यानेच, तो रोग नव्हे. पुन्हा करायचं तर कळीचा चुना आणा, दगडासारखा टणक, वाजणारा. फुटून पीठ झालेला असेल तर दुकानातच ठेवा. शिंपल्यांचा ताजा भाजलेला चुना मिळाला तर तोही उत्तम चालतो.

पाठीवरच्या पंपासाठी २० लिटरचा घाणा सोयीचा. मोरचूद २०० ग्रॅम, चुना २०० ग्रॅम. मोरचूद बादलीच्या तळाला टाकून ढवळत बसू नका. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून १० लिटर पाण्यात वरच्यावर लोंबती ठेवा. विरघळलेलं पाणी जड होऊन खाली बसतं, पुरचुंडीला कोरं पाणी मिळत राहतं, सकाळपर्यंत खडा शिल्लक राहत नाही. बादली प्लास्टिकची. लोखंडी किंवा पत्र्याची अजिबात नको, मोरचूद ती खातो आणि द्रावणही बिघडतं.

चुन्याच्या कळीवर आधी थोडंसंच पाणी शिंपडा. ती तडकून, वाफा सोडून फुलेल. मग पाणी वाढवत १० लिटर करा आणि फडक्यातून गाळा. पूर्ण गार होऊ द्या. गरम चुन्यात मोरचूद गेला की कण जाड होतात, नोझल तुंबतं आणि पानावर थर नीट बसत नाही. दोन्ही गार झाल्यावर तिसऱ्या पिंपात एकाच वेळी दोन धारा सोडा आणि कुणालातरी लाकडी काठीने ढवळायला लावा. एकटेच असाल तर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. चुना मोरचुदात कधीच नाही.

मग तपासणी. घासून लख्ख केलेलं विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा, पातं कोरं निघेपर्यंत. चुना चमचाभर जास्त झाला तर नुकसान नाही, कमी पडला तर पानं जातात. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलेलं साका होऊन बसतं, ढवळून पुन्हा एकजीव केलं तरी पानाला धरत नाही.

फळगळीकडे येऊ. तुम्ही सांगताय तो डाग कोळेरोगाचा (पावसात फळं कुजवून गाळणारा रोग) वाटतो, पण खात्री करून घ्या, कारण कोवळी फळं ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीनेही गळतात. पडलेली पाच-सहा ताजी फळं ओल्या फडक्यावर ठेवून डबा बंद करा. दोन दिवसांत डागावर पांढरी कापसासारखी बुरशी चढली तर कोळेरोग. डाग पसरत नसेल आणि सालीवर टाचणी टोचल्यासारखं भोक दिसत असेल तर ढेकण्या. त्यावर बोर्डोचा काही उपयोग नाही.

कोळेरोग निघाला तर एक कडू गोष्ट ऐका. तांबं लागलेला रोग बरा करत नाही, न लागलेल्या फळाला वाचवतं. म्हणून पहिली फवारणी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आत, आणि दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी. पाऊस सप्टेंबरपर्यंत लांबला तर तिसरी. तुमची २२ जूनची फवारणी उशिराची, त्यातून मिश्रण बिघडलेलं, त्यामुळे ती धरूच नका. पहिली उघडीप मिळेल तेव्हा नव्याने मारा. फवारल्यावर वाळायला तीन-चार तास तरी हवेत. पाण्यात चिकटद्रव्य घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. एका पोफळीला दीड-दोन लिटर धरा. फवारा घडावर बसला पाहिजे, झावळ्या भिजवून काही साधत नाही.

फवारण्याच्या आधी मात्र गडी चढवून कुजलेले घड उतरवून घ्या. खाली पडलेलं प्रत्येक फळ वेचा, आगराबाहेर नेऊन खड्ड्यात पुरा. वेचणं कंटाळवाणं आहे, पण निम्मं काम तेच आहे. तसंच ठेवून मारलेली फवारणी म्हणजे एका हाताने विझवायचं आणि दुसऱ्याने फुंकायचं. वर चढलाच आहे तर कोंबही बघायला सांगा. मधलं पान पिवळं पडून ओढलं की हातात येत असेल तर रोग कोंबात उतरलाय. कुजका भाग चांगल्या भागापर्यंत खरवडून तिथे १०% बोर्डो मलम लावा (मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर) आणि वर पाणी जाणार नाही असं झाका. मेलेल्या पोफळीचा शेंडा उभा ठेवू नका. पुढच्या पावसाचं बियाणं तिथेच असतं.

---

मिरवेल_दापोली · १५ जुलै

मिरवेलींचं सांगतो. आधी ते कार्बेन्डाझिम बंद करा. मिरीची जलद मर करणारी फायटोप्थोरा खऱ्या बुरशींच्या कुळातली नाही, पाण्यातून पोहत जाणारे बीजाणू सोडणारी आहे. कार्बेन्डाझिमचा तिच्यावर परिणाम होत नाही. पोफळीचा कोळेरोग करणारीही याच कुळातली, त्यामुळे तिथेही तेच.

आता कुदळ. तुमच्या आगरात सगळ्यात जास्त नुकसान तिने केलंय असं माझं मत. मिरीची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. जूनच्या तोंडावर खणून ती तोडली, जखमा उघड्या राहिल्या, आणि वर पाऊस. शिवाय जमीन उघडी पडली. उघड्या मातीवर सर आपटली की चिखलाचे शिंतोडे हात-दीडहात उंच उडतात, त्यातून बीजाणू खालच्या पानांवर बसतात. लागण कुठून सुरू झाली ते तुमच्या वेलींवर आजही दिसेल. जमिनीवर लोळणाऱ्या धावत्या फांद्या आणि तळची पानं बघा. पानांवर काळे डाग, कडा झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या. तिथून रोग बुंध्यावर चढतो आणि मग दोन-तीन आठवड्यांत वेल संपतो.

ज्या दोन वेलींची साल नखाने सुटते त्या गेल्या. मुळासकट काढा, जाळता येत नसतील तर आगराबाहेर खोल पुरा. खड्डा उघडा ठेवा, त्यात बोर्डो ओता, आणि या पावसात तिथे नवीन रोप लावू नका. बाकीच्या चार वेलींचा बुंधा अजून घट्ट असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला सव्वा ग्रॅम, वेलीला ५ ते १० लिटर, बुंध्याभोवती सावकाश ओतायचं. तेच पानांवरही. ते मिळालं नाही तर पोटॅशियम फॉस्फोनेट लिटरला ३ मिली. निरोगी दिसणाऱ्या १९ वेलींना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे आळवणी आणि पानांवर १% बोर्डो पुरे. पण बोर्डो वर सांगितलंय तसं तपासलेलं, नाहीतर पुन्हा कडा करपतील.

ओतायच्या आधी पाणी बघा. उन्हाळ्यात केलेली आळी अजून तशीच असतील तर आज फोडा. पावसाळ्यात आळं म्हणजे रोगाचं तळं. पोफळीच्या दर दोन ओळींमध्ये एक चर, दीड फूट खोल, उताराला सोडलेला. पुळणीत पाणी झिरपतं खरं, पण तुम्ही वर जांभी माती पसरलीय. ती दाबली गेली की दोन थरांच्या सांध्यावर पाणी थांबतं, आणि मुळं नेमकी तिथेच आहेत. सर थांबल्यावर तासाभराने पारय (पहार) खुपसून बघा. भोकात पाणी साठत असेल तर चर आधी, औषध नंतर.

तणाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. पावसाळ्यात आगर लख्ख असू नये. केना, दुधाणी, टाकळा हे कोयत्याने किंवा ब्रश कटरने चार बोटं ठेवून कापा आणि कापलेलं तिथेच पसरा. मुळं जमिनीत राहू देत, शिंतोडे थांबतात. फक्त वेलीच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, आच्छादन बुंध्याला टेकलं की साल ओली राहते. ब्रश कटरची दोरी बुंध्याच्या हातभर अलीकडेच थांबवा, तिचा एक फटका साल सोलायला पुरतो. तिथलं तण हाताने उपटा. धावत्या फांद्या मेमध्ये कापून टाका, नाहीतर गुंडाळून खांबाला बांधा, जमिनीवर एकही नको.

टाकळ्याची काळजी सर्वांत कमी. कोवळा असताना खुडला की भाजी होते आणि शेंगा धरायच्या आत कापला की पुढच्या वर्षी विरळ येतो.

---

हिरवा_पट्टा · १५ जुलै

एवढं कशाला, ग्लायफोसेट मारा. एका दुपारचं काम, लव्हाळासुद्धा जातो.

---

मिरवेल_दापोली · १५ जुलै

मिरवेलीच्या आगरात नको. वेलीची कोवळी साल आणि धावत्या फांद्या हिरव्या असतात. फवारा त्यांच्यावर उडाला की औषध आत शिरतं आणि परिणाम दिसतो तो दोन-तीन आठवड्यांनी, कोंब बारीक आणि पिवळे फुटताना. तेव्हा रोग समजून माणूस आणखी औषधं ओततो. शिवाय ऑक्टोबर २०२२च्या केंद्राच्या अधिसूचनेने ते फवारायचं काम परवानाधारक कीड-नियंत्रण करणाऱ्यांपुरतं ठेवलंय. आणि या पावसात दुपारी मारलेलं संध्याकाळी धुऊन जाणार, ते वेगळंच.

---

आगर_गुहागर · १७ जुलै

डब्यातल्या फळांवर पांढरी बुरशी आली, म्हणजे कोळेरोगच. पारयेच्या भोकात पाणी साठतंय, अगदी सांगितलं तसंच, वीतभर खाली. चर मारायला घेतलेत. दोन शंका आहेत. घडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात ते आता केलं तर? आणि ट्रायकोडर्मा घेऊन ठेवलंय ५ किलो, ते कधी द्यावं?

---

चुनकळी · १७ जुलै

पिशवी आता बांधाल तर रोग आत कोंडून ठेवाल. ती पाऊस लागायच्या आधीची गोष्ट: पारदर्शक पिशवी, खालून उघडी, घडावर टोपीसारखी, वरचं तोंड देठाला घट्ट बांधलेलं म्हणजे पाणी देठावरून आत ओघळत नाही. खालून बंद केली तर आत वाफ धरते आणि फळं तशीही कुजतात. ४० पोफळींना पुढच्या मेमध्ये करण्यासारखं आहे. गडी तेवढा एकदाच चढतो, फवारणीसारखं दोन-तीनदा नाही. उंच, वाकलेल्या पोफळींना तर हेच बरं, कारण तिथे खालून मारलेला फवारा घडापर्यंत पोचत नाही.

---

मिरवेल_दापोली · १७ जुलै

ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी. तांब्याची आळवणी आणि ती एकत्र दिली तर विकत आणलेलं आपल्याच हाताने मारलंत. तांबं ओतल्यावर तीन आठवडे जाऊ देत. मग वेलीला ५० ग्रॅम, किलोभर निंबोळी पेंड आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, मुळांवर पसरून वर पाला. सगळ्यात बरं म्हणजे पाकीट थेट न वापरता आधी वाढवायचं. १०० किलो शेणखत आणि पेंडीच्या ढिगात १ किलो, ओलावा मुठीत दाबला तर लाडू होईल पण पाणी गळणार नाही इतका, वर ओलं गोणपाट, सावलीत पंधरा दिवस, मध्ये एकदा वरखाली. पाकिटावरची मुदत बघा. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापलेलं पाकीट मेलेलं असतं. पोटॅशियम फॉस्फोनेट दिलेल्या वेलींना एवढं अंतर ठेवायची गरज नाही, ट्रायकोडर्मा त्याच्याबरोबर जगतो.

मेलेल्या वेलींच्या जागी नवीन लावताना पन्नियूर-१ पुन्हा नको. ती भरपूर उन्हाची जात, पोफळीच्या दाट सावलीत कमी धरते आणि या मरीला लवकर बळी पडते. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या शक्ती आणि थेवम या जाती मर बऱ्यापैकी सोसतात. रोप घेताना पिशवी फाडून मुळं बघा. मुळांवर गाठी किंवा काळे पट्टे असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आगरात आणाल, मग जलद मर थांबून हळूहळू मर सुरू होईल. दरवर्षी थोडी पिवळी, थोडी गळ, आणि चौथ्या वर्षी वेल रिकामा.

---

ओटीवरची_बाग · १८ जुलै

अबोलीचं कुणीच बोललं नाही म्हणून.

लव्हाळा खुरपून दुप्पट होतो, कारण खुरप्याने वरची पात तुटते आणि खालचा गड्डा जागा होतो. हे गड्डे मण्यांसारखे एका धाग्यात ओवलेले असतात. टोकाचा गड्डा जिवंत असेपर्यंत मागचे झोपून असतात. धागा तुटला की तुटलेला प्रत्येक मणी स्वतंत्र उगवतो. म्हणून खुरपं नको. पाऊस पडून माती मऊ असताना पातीच्या बाजूला वीतभर अंतरावर पारय किंवा काट्याचं फावडं घालून माती खालून उचला आणि पात धरून हळू ओढा. माळ सगळी आली की बोटांना कळतं, शेवटी काळसर, खडबडीत, नागरमोथ्याचा वास येणारा गड्डा दिसतो. तो नाही दिसला तर अर्धं काम झालंय. बहुतेक गड्डे वरच्या वीतभर मातीतच असतात. उगवलेली पात तीन आठवड्यांची व्हायच्या आत काढायची, नवे गड्डे धरायला लागतात ते त्यानंतर. तुमचे दोन वाफे मिळून ८० चौरस फूट, दर पंधरा दिवसांनी तासभराचं काम. काढलेलं खतात टाकू नका. पत्र्यावर पसरून कडकडीत वाळू देत, पावसाळ्यात ते होत नाही म्हणून बादलीत पाण्याखाली दोन महिने कुजत ठेवा आणि कुजल्याशिवाय बाहेर काढू नका.

काळं प्लास्टिक अंथरायच्या भानगडीत पडू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, काळ्या कागदाखाली अंधारात उभाच वाढतो आणि कागद फोडून वर येतो. मार्चमध्ये अबोलीची रोपं दुसरीकडे हलवता आली तर वाफा खणून, भिजवून, पारदर्शक कागद सहा आठवडे ताणून ठेवा, कडा मातीत गाडून. उजेडामुळे कोंब कागदाखालीच पात उघडतो आणि तिथेच भाजतो. सगळे गड्डे मरत नाहीत, पण राहिलेले हाताने काढण्याइतके होतात.

आता ओळींमध्ये सुपारीच्या विरी (गळलेल्या झावळ्यांचे रुंद देठ) पालथ्या घाला. फुकट मिळतात आणि लव्हाळ्याला सावली सोसत नाही. खाली गोगलगायी दडतील, संध्याकाळी विरी उलटून त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात शिंपडू नका.

अबोलीची मधलीच काही झुडपं दुपारी माना टाकतायत का तेही बघा. तसं असेल तर एक उपटून मुळं धुवा. काळे चट्टे दिसले तर तो सूत्रकृमी. चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा आणि मध्ये झेंडू लावा. आणि लव्हाळा आला कुठून ते आठवा. बहुधा नर्सरीच्या पिशवीतल्या मातीतून. पुढच्या वेळी रोपाची माती वाफ्यात न टाकता बाजूला झटका, मुळं धुऊन लावा. अबोली पावसाळ्यात तेवढं सहज सोसते.

---

आगर_गुहागर · २३ जुलै

पाच चर झाले. पारयेच्या भोकातलं पाणी आता अर्ध्या तासात जातं. कळीचा चुना दाभोळहून आणला, पातं दुसऱ्या तपासणीत कोरं निघालं, काल सकाळी ११ ते २ उघडीप मिळाली तेवढ्यात २८ पोफळी झाल्या. उरलेल्या १२ साठी द्रावण नव्याने करतोय. चार आजारी वेलींपैकी एकीची साल काल सुटली, ती काढली. तिघी घट्ट आहेत.